चारशे डॉलरचं मचाण: एका हँग-ऑन स्टँडच्या खरेदीची हकीकत

ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. संध्याकाळी मावसभावानं फोनवर एक फोटो पाठवला. ऑनलाइन दुकानातली त्याची टोपली: लोखंडी हँग-ऑन स्टँड (झाडाच्या खोडाला लटकवायचं मचाण), नग दोन, प्रत्येकी ६५ डॉलर, झाडाच्या खोडात पिळून बसवायच्या पायऱ्यांची पिशवी, ३५ डॉलर. खाली एवढंच लिहिलेलं: "दादा, दोनशेच्या आत दोन मचाणं होतायत. मागवू ना?"

मी उत्तर दिलं, "मागवू नकोस. शनिवारी आधी झाड बघायला जाऊ."

पुढे काय घेतलं, काय टाळलं आणि कुठे चुकलो ते सगळं सविस्तर लिहितोय. इथे मिशिगनमध्ये धनुष्यानं हरणाची शिकार शिकू पाहणारे मराठी लोक आता मला अधूनमधून भेटतात, आणि बहुतेकांची पहिली टोपली अशीच असते. स्टँडच्या किमतीलाच ते मचाणाची किंमत समजतात.

कोण, कुठे, किती पैशांत

मावसभाऊ पुण्याहून लान्सिंगला आला त्याला दोन वर्षं झाली होती. गाड्यांच्या सुट्या भागांचं काम, भाड्याचं अपार्टमेंट, सामान न्यायला एक जुनी कोरोला. वजन ९२ किलो. अजून कामाच्या व्हिसावर आहे, आणि अशा माणसानं बंदूक बाळगण्याबद्दलचे संघीय नियम किचकट आहेत; म्हणून त्यानं धनुष्यच धरलं. उन्हाळाभर सराव करून वीस यार्डांवर त्याचे बाण थाळीएवढ्या वर्तुळात बसायला लागले होते. १ जानेवारी १९६० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला इथे शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम करावा लागतो. तोही त्यानं केला होता. परवान्याचे पैसे वेगळे काढून त्याच्याकडे ४०० डॉलर उरत होते. मचाणासाठी एवढेच, एक डॉलरही जास्त नाही, असं घरात ठरलेलं.

जागा दोन होत्या. एक, क्लिंटन काउंटीतलं माझ्या ओळखीच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं शेत: मका, सोयाबीन आणि मधोमध ओढ्याकाठचं झाडीचं पट्टं. माझ्या शब्दावर त्यांनी त्याला परवानगी दिली होती. दुसरी, ईस्ट लान्सिंगजवळचं रोझ लेकचं सरकारी वनक्षेत्र, जिथे परवाना असलेला कुणीही जाऊ शकतो.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो, कारण महाराष्ट्रात हे वाचणाऱ्यांच्या मनात ती येणारच. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं. मिशिगनच्या खालच्या द्वीपकल्पाची परिस्थिती वेगळी आहे. तिथे आज लांडग्यांचे कळप नाहीत, हरणं मात्र भरमसाठ. राज्यात दरवर्षी पन्नास हजारांहून जास्त वेळा गाडी आणि हरणाची धडक होते. परवान्यांचा पैसा आणि १९३७ च्या संघीय कायद्यानुसार शस्त्रांवर, दारूगोळ्यावर व धनुर्विद्येच्या सामानावर बसणारा कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे जातो. मी मांस खातो, आणि जे खातो ते कुठून आलं हे मला स्वतः जाणायचं असतं. मावसभावाचंही तेच म्हणणं होतं.

हँग-ऑन म्हणजे नेमकं काय

मचाण आपल्याला नवं नाही. गोफण घेऊन शेताची राखण करायचा माळा कित्येकांच्या आजोबांनी बांधलेला असतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबात पाणवठ्यापाशी मचाणावर बसून प्राणी मोजणाऱ्यांचे फोटो आपण दर उन्हाळ्यात बघतो. पण ती मचाणं खांबांवर किंवा फांद्यांच्या बेचक्यात उभी असतात. हँग-ऑन खोडाला नुसतं लटकतं. पाय ठेवायची धातूची जाळी, वर बसायची छोटी पाटी, दोन्हींना जोडणारा कणा आणि खोडाभोवती आवळायचा पट्टा. जाळीच्या मागच्या कडेला दात असतात. माणसाचं वजन जाळीवर पडलं की ते सालीत रुततात, वरचा पट्टा ताणला जातो, आणि त्या दोघांच्या ओढाताणीवर सगळं तरतं.

या स्टँडला वर चढायची सोय नसते. स्वस्ताईचा भास इथेच होतो. दुकानात दिसणाऱ्या ६५ डॉलरमध्ये तुम्ही जमिनीवर उभे असता आणि स्टँड डोक्यावर सोळा फुटांवर असतं. मधल्या सोळा फुटांची किंमत त्या पाटीवर लिहिलेली नसते.

मग शिडीचं मचाण का नको, असं वहिनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. शंभर-दीडशे डॉलरमध्ये शिडी आणि बैठक दोन्ही येतात. चढायला सोपं, नवख्याला बरं. एकाच शेतात, एकाच झाडावर वर्षानुवर्षं बसणाऱ्याला मी तेच घ्यायला सांगेन. आमच्याकडे तीन अडचणी होत्या. ते सामान कोरोलात मावत नाही. ते उभं करायला तिघं लागतात. आणि शेतमालकांना रस्त्यावरून दिसेल असं काहीही उभं केलेलं नको होतं, कारण त्यांच्या शेजारच्या शेतातलं एक मचाण चोरीला गेलं होतं. खोडाला मिठी मारून स्वतःच वर सरकणारं क्लायंबर स्टँड सरळसोट, बिनफांद्यांच्या झाडालाच चालतं. ओढ्याकाठी तसं एकही नव्हतं. म्हणून हँग-ऑन.

झाडं तीन

शनिवारी सकाळी आम्ही ओढ्याकाठी गेलो. ओढा उत्तर-दक्षिण वाहतो, आणि त्याच्या काठानं हरणांची पायवाट जाते, चिखलात खुरांचे ठसे स्पष्ट उमटलेली. इथला वारा बहुतेक दिवस पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. माणसाचा वास हरणाकडे गेला की खेळ संपला, म्हणून बसायची जागा पायवाटेच्या पूर्वेला हवी होती: वारा हरणाकडून आपल्याकडे. शेतमालकांचं घरही पूर्वेलाच, त्यामुळे येतानाही वारा तोंडावर. पूर्वेचा वारा असेल त्या दिवशी बसायचंच नाही, हे तेव्हाच ठरवून टाकलं.

पायवाटेपासून वीस यार्डांच्या आत पूर्वेला कामाची झाडं तीनच निघाली.

पहिलं बघताच मावसभाऊ म्हणाला, "दादा, हेच!" खरोखरच देखणं खोड होतं: सरळ, गोल, पायवाटेपासून पंधरा पावलांवर. मी त्याला वर बघायला सांगितलं. एकही पान नव्हतं. ते ॲशचं झाड होतं, उभ्या उभ्या मेलेलं. एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा चमकता भुंगेरा २००२ मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात पहिल्यांदा सापडला, आणि तेव्हापासून मिशिगनची ॲशची झाडं कोट्यवधींनी गेली. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे पाडतात, झाडाचं अन्नपाणी तोडतात. मेलेलं ॲश फार लवकर ठिसूळ होतं. वाऱ्याशिवायही त्याच्या फांद्या गळून पडतात. असल्या झाडाला कोणतंही मचाण बांधायचं नाही, आणि त्याच्या पडण्याच्या टप्प्यातही बसायचं नाही. आम्ही सालीचा सैल पापुद्रा ओढून काढला, तर खाली बोगद्यांची नक्षी आणि बाहेर पडायची इंग्रजी डी अक्षरासारखी भोकं. तो बराच वेळ बघत राहिला. इंटरनेटवर स्टँड निवडताना हे झाड कुणी दाखवलं नसतं.

दुसरं शॅगबार्क हिकरी. जिवंत, दणकट, पण साल हातहात लांब ढलप्यांनी सुटलेली. स्टँडचे दात ढलपीत रुततात, खोडात नाही, आणि ढलपी कधी निसटेल याचा नेम नाही. शिवाय प्रत्येक हालचालीला करकर आवाज. नको.

तिसरं रेड ओक, पायवाटेपासून अठरा यार्डांवर. छातीच्या उंचीला पंधरा इंच व्यास. बहुतेक हँग-ऑन स्टँड साधारण नऊ ते वीस इंच व्यासासाठी असतात, तेव्हा मापात होतं. दोष एकच: खोड पश्चिमेकडे, म्हणजे पायवाटेकडे, किंचित झुकलेलं. झुकत्या बाजूला स्टँड लावलं तर जाळी बाहेर उतरती होते आणि माणूस सतत पुढे घसरल्यासारखा बसतो. ते तर सोडाच. उलट बाजूला, पूर्वेला लावलं तर जाळीची बाहेरची कड वर उचलली जाते. ते त्या मानानं सुरक्षित, आणि खोड आपल्या व हरणाच्या मध्ये येत असल्यानं लपायलाही बरं. पण तीन तास मागे कलून बसणं पाठीला सोसत नाही. म्हणजे जाळीचा कोन बदलता येईल असं स्टँड हवं. टोपलीतल्या ६५ डॉलरच्या स्टँडला ती सोय नव्हती. झाडानं आमची यादी निम्मी केली.

स्टँडची निवड

समोर तीन पर्याय उरले.

ओतीव ॲल्युमिनियमची हलकी स्टँड अडीचशे डॉलरच्या पुढे. वजन पाच-सहा किलो, आवाज जवळजवळ नाही, कोन दोन्हीकडून बदलता येतो. रोज नवीन झाडावर जाणाऱ्या, दोन-दोन मैल चालणाऱ्या माणसाला त्याचे पैसे वसूल होतात. आमचं स्टँड ऑक्टोबरभर एकाच ओकवर राहणार होतं, आणि ते गाडीपासून तीनशे पावलांवर होतं. हलकेपणाला एवढे पैसे देण्यात अर्थ नव्हता.

दुसरा पर्याय वापरलेलं स्टँड, चाळीस डॉलरला, गॅरेज सेलमध्ये. तिथे मी स्वतः गेलो होतो, म्हणून थोडं लांबण लावतो. जुन्या पद्धतीच्या स्टँडांमध्ये जाळीची बाहेरची कड कण्याला दोन तारांच्या केबलनं तोललेली असते, आणि त्या केबलवर प्लास्टिकचं आवरण चढवलेलं असतं. आवरण आतला गंज लपवतं. मी बोटांनी केबल चाचपत गेलो. टोकाशी, जिथे ती धातूच्या नळीत दाबून बसवलेली असते, तिथे आवरण फुगलं होतं आणि वाकवल्यावर आतून करपल्यासारखी भुकटी सांडली. मालक सद्गृहस्थ होते. मी दाखवल्यावर त्यांनी ते विक्रीतून काढलं. वापरलेलं घ्यायचंच असेल तर केबल, प्रत्येक वेल्डिंग आणि पट्ट्याची शिवण हातानं बघावी, नवीन पट्टे विकत घ्यायचे पैसे किमतीत धरावेत, आणि घरी येऊन अमेरिकेच्या ग्राहकवस्तू सुरक्षा आयोगाच्या परत मागवलेल्या मालाच्या यादीत ते मॉडेल शोधावं. या यादीत ट्री स्टँडं आजवर अनेकदा आलेली आहेत.

तिसरा पर्याय आम्ही घेतला: ९० डॉलरचं लोखंडी स्टँड. वजन आठ किलोच्या आसपास. जाळी २४ बाय ३० इंच, म्हणजे बूट घातलेल्या माणसाला वळून उभं राहता येईल एवढी. ६५ डॉलरवाल्याची जाळी यापेक्षा बरीच अरुंद होती, आणि धनुष्य ताणायला उभं राहावं लागतं हे नवखा विसरतो. बैठक वर दुमडते, म्हणजे पाठ खोडाला लावून उभं राहता येतं. कण्याजवळच्या बोल्टनं जाळीचा कोन तीन टप्प्यांत बदलतो. पेटीवर टीएमए, म्हणजे ट्री स्टँड उत्पादकांच्या संघटनेची खूण होती. तिचा अर्थ असा की ते मॉडेल ठरलेल्या चाचण्यांतून गेलंय. वजनाची मर्यादा ३०० पौंड. इथे लोक फक्त स्वतःचं वजन धरतात. मावसभाऊ २०३ पौंड, थंडीचे कपडे आणि बूट बारा, धनुष्य-बाण सात, पाठीवरची पिशवी दहा: २३२. मर्यादेच्या आत, हाताशी थोडं राखून. तो आणखी पंचवीस किलोंनी जड असता तर मी हे स्टँड घेऊ दिलं नसतं.

उरलेले पैसे कुठे गेले

टोपलीतल्या पिळाच्या पायऱ्या सगळ्यात आधी काढल्या. मिशिगनच्या सरकारी जमिनीवर सालीच्या आत शिरणारी कोणतीही वस्तू झाडाला लावायला मनाई आहे, त्यामुळे रोझ लेकला त्या निरुपयोगी. शेतमालकांचंही लाकूड विकाऊ. ओकमध्ये धातू शिरलेला त्यांना चालला नसता. त्याऐवजी वर चढायची वीस फुटांची लोखंडी स्टिक, एकात एक बसणाऱ्या तुकड्यांची, प्रत्येक तुकडा पट्ट्यानं खोडाला बांधायचा: ७५ डॉलर.

खरा वाद हार्नेसवर, म्हणजे पडताना धरून ठेवणाऱ्या अंगावरच्या पट्ट्यांवर झाला. "दादा, पेटीत फुकट येतं ना, मग वर ९५ डॉलर कशाला?" त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पेटीतलं हार्नेस चाचणी झालेलंच असतं, पडताना माणसाला धरतं. पण त्याचे पट्टे सुटे, एकमेकांत गुंतणारे. पहाटे पाच वाजता अंधारात, जाड जॅकेटवर ते चढवायचा कंटाळा येतो आणि माणूस एक दिवस न घालता जातो. दुसरं, आमच्या पेटीतल्या हार्नेसला कमरेच्या दोन्ही बाजूंना कड्या नव्हत्या. त्या कड्यांत लाइनमन बेल्ट अडकतो. ताडी काढणारा माणूस कमरेभोवती आणि ताडाभोवती दोर घेऊन चढतो ना, अगदी तेच. स्टँड टांगताना दोन्ही हात कामात असतात. तेव्हा धरून ठेवणारं त्याशिवाय काही नसतं. वर बसलेले असताना लोक खाली पडल्याचे प्रसंग कमी. चढताना, उतरताना, स्टिकवरून जाळीवर पाय टाकताना आणि स्टँड लावताना जास्त पडतात.

त्याचा हिशेब असा होता की हार्नेसचे ९५ वाचवले की दुसरं स्टँड येतं. वारा बदलला की झाड बदलायला दोन स्टँडं हवीत, हे मीच त्याला कधीतरी सांगितलेलं. मी नाही म्हटलं, त्यानं तोंड पाडलं, आणि गोष्ट तिथेच अडली असती. तेवढ्यात वहिनीनं विचारलं, "समजा पडला आणि दोरावर लटकला, तर खाली कसा येणार?"

तिचा प्रश्न फार मोलाचा होता. हार्नेसमध्ये निपचित लटकलेल्या माणसाच्या मांड्यांवर पट्टे दाबतात, पायात रक्त साचतं, आणि थोड्याच वेळात शुद्ध जाऊ शकते. म्हणून चांगल्या हार्नेसला एक छोटा पट्टा जोडलेला असतो. तो सोडून त्याच्या फासात पाय रोवून उभं राहायचं, मांड्यांवरचा भार काढायचा, आणि मग स्टिककडे सरकायचं किंवा मदत बोलवायची. फोन छातीच्या खिशात हवा, पाठीवरच्या पिशवीत नाही. मी हे तिला सांगत असताना मावसभावानं मुकाट्यानं टोपलीतलं दुसरं स्टँड काढून टाकलं.

शेवटचा हिशेब: स्टँड ९०, स्टिक ७५, हार्नेस ९५, लाइनमन बेल्ट ३०, स्टँडच्या वरपासून जमिनीपर्यंतचा लाइफलाइन दोर ४०, एक जादा रॅचेट पट्टा १५, धनुष्य वर ओढायचा दोर आणि हॉकीच्या काठीला गुंडाळतात तो कापडी टेप १०. एकूण ३५५. शिल्लक ४५. यातलं स्टँड एक चतुर्थांश झालं, आणि एवढंच व्हायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे. पैसे वाचवायचे तर वजनात वाचवा, गादीच्या मऊपणात वाचवा, स्टँडांच्या संख्येत वाचवा. जमिनीवरून पाय सुटल्यापासून परत टेकेपर्यंत जे तुम्हाला धरून ठेवतं, त्यात नको.

टांगणीचा दिवस

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं गेलो. त्याआधी एक संध्याकाळ माझ्या अंगणातल्या मेपलवर, जमिनीपासून दीड फुटावर स्टँड लावून सराव केला होता. दहा वेळा लावलं, दहा वेळा काढलं. तिथेच कळलं की पट्टा आवळल्यावर जाळी आधी वर उचलून मग जोरात खाली दाबली की दात नीट रुततात. नुसतं आवळलं तर पहिल्या पावलाला स्टँड इंचभर सरकतं. हा एक इंच दीड फुटावर कळावा, सोळा फुटांवर नाही.

लोखंडी स्टँडचा मोठा दोष आवाज, आणि तो घरीच काढायचा असतो. प्रत्येक बोल्ट सोडून नायलॉनचे वॉशर घातले, सांध्यांना मेण लावलं, धनुष्य जिथे घासेल त्या नळ्यांना कापडी टेप गुंडाळला. मग रंगाचा वास जावा म्हणून दोन आठवडे उघड्यावर, पावसात ठेवलं.

लाइफलाइनवर प्रूसिक गाठ असते. ती हातानं सरकवता येते, पण झटका बसला की दोराला आवळून धरते. जमिनीवरच तिला अडकायचं आणि परत जमिनीवर येईपर्यंत सुटायचं नाही. अर्थात पहिल्यांदा दोर वर बांधलेलाच नसतो, तेव्हा फक्त लाइनमन बेल्ट. एक चूक मी केली. स्टिक मी खोडाच्या पूर्वेला, थेट जाळीच्या खाली बांधत गेलो. वर गेल्यावर लक्षात आलं की जाळीवर यायचं तर तिला वळसा घालून लोंबकळत यावं लागेल. सगळं उतरवून स्टिक उत्तरेच्या बाजूला नेली आणि शेवटचा तुकडा जाळीच्या वर दोन फूट गेला. आता माणूस जाळीच्या वरून तिच्यावर खाली पाय टाकतो. वर चढून येत नाही. या एका चुकीनं दीड तास खाल्ला.

उंची सोळा फूट ठेवली. त्याला वीस हवी होती. जितकं उंच, तितका बाण खाली तिरका जातो आणि दोन्ही फुप्फुसांतून जायची वाट अरुंद होते. जखमी हरीण हरवणं हे शिकाऱ्याच्या हातून घडणारं सगळ्यात वाईट काम. ओकच्या मागच्या बाजूला सोळा फुटांवर पानांचा आडोसाही दाट होता. दोर डोक्याच्या वर बांधून असा आखूड ठेवला की बसल्यावर त्याला ढील राहू नये. शेतमालकांना विचारून तीन बारक्या फांद्या छाटल्या, त्याहून जास्त नाही.

मोसम

मिशिगनमध्ये धनुष्याचा मोसम १ ऑक्टोबरला उघडतो आणि १४ नोव्हेंबरपर्यंत चालतो. १५ ते ३० नोव्हेंबर बंदुकांचे दिवस, मग १ डिसेंबरपासून पुन्हा धनुष्य. मावसभाऊ ऑक्टोबरमध्ये सात संध्याकाळी बसला. चार दिवस पूर्वेचा वारा होता म्हणून घरीच राहिला, आणि त्या दिवसांत दुसऱ्या स्टँडची उणीव त्याला जाणवली. मलाही त्याच्यासाठी वाईट वाटलं. पण वाऱ्याविरुद्ध जाऊन जागा नासवली नाही, हे त्यानं फार चांगलं केलं.

ऑक्टोबरच्या मध्यावर त्याचा फोन आला: वरचा पट्टा एका कडेनं कुरतडलेला. खारीचं काम. पट्ट्याला हाताचा घाम आणि मीठ लागतं, आणि खारी त्यावर दात चालवतात. पाव इंच गेलं होतं. जादा पट्टा आधीच गुंडाळलेला असल्यामुळे स्टँड जागचं हललं नव्हतं. त्यानं वर न चढता खालून दुर्बिणीनं ते पाहिलं होतं, कारण दर वेळी चढण्याआधी दुर्बिणीनं पट्टे बघायची सवय मी त्याला लावली होती. बरीच वर्षं आधी मी स्वतः ते न बघता चढलो होतो. अर्धवट तुटलेल्या पट्ट्यावर स्टँड एका बाजूला फिरलं आणि मी हार्नेसवर लोंबलो. पाच मिनिटांत खाली आलो, पण तो झटका अजून खांद्याला आठवतो. पंधरा डॉलरच्या जादा पट्ट्यावर मी अडून बसतो, त्याचं कारण हे.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कडाक्याची पहाट. जाळीवर दहिवराचा पातळ थर, आणि थंडीत आक्रसलेल्या धातूनं त्यानं पाय हलवताच टक्कन आवाज केला. तीस यार्डांवरची मादी थबकली, वर बघितलं, शेपटी उभारून पांढरा पंखा दाखवत गेली. दुसऱ्या दिवशी त्यानं जाळीवर जुन्या गालिच्याचा तुकडा बांधला. पाय गरम राहिले आणि आवाजही गेला. महागड्या स्टँडची जवळजवळ अर्धी शांतता गालिच्याच्या तुकड्यात मिळते, हे मीही तेव्हाच शिकलो.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी संध्याकाळी, अंधार पडायला अर्धा तास असताना, एक मोठी मादी उत्तरेकडून पायवाटेनं आली. सतरा यार्ड. तो उभा राहिला, बैठक वर दुमडली गेली, खोड आडोशाला होतं. बाण दोन्ही फुप्फुसांतून गेला, आणि ती सत्तर पावलांवर पडली. त्यानं आधी धनुष्य दोरानं खाली सोडलं, मग प्रूसिक सरकवत एकेक पायरी उतरला. त्या क्षणी हात थरथरत असतात आणि खाली धावायची घाई असते. अशा वेळी सावकाश उतरणं सोपं नाही. जमिनीवर येऊन त्यानं मला फोन केला आणि काही वेळ काहीच बोलू शकला नाही. आम्ही कंदील घेऊन गेलो. शेतमालकांना मांसाचा वाटा दिला. उरलेल्याचा वहिनीनं काळ्या मसाल्याचा रस्सा केला.

डिसेंबरच्या शेवटी स्टँड उतरवलं. वर्षभर तसंच ठेवणारे खूप आहेत, पण झाड वाढतं, पट्टा खोडात रुततो आणि आतून ताणला जाऊन कमजोर होतो, ऊन उरलेलं काम करतं. चारच महिन्यांत पट्ट्याच्या एका कडेचा रंग उतरला होता. त्यानं दोन्ही पट्टे फेकले आणि नवीन पट्ट्यांवर न पुसणाऱ्या शाईनं महिना आणि वर्ष लिहिलं. हार्नेसच्या पट्ट्यावर बनवल्याची तारीख शिवलेली असते. त्यापासून पाच वर्षं, मग ते बाद.

जानेवारीत मोसम संपला की दुकानं स्टँडांच्या किमती उतरवतात. ९० डॉलरचं तेच स्टँड त्याला ५५ ला मिळालं: शिल्लक ४५ आणि वर दहा. पुढच्या मोसमात ते रोझ लेकला जाणार. त्यावर नाव-पत्त्याची पट्टी लावावी लागेल, लोखंडी स्टिकऐवजी पाठीवर नेता येतील अशा हलक्या स्टिक लागतील, आणि लाइफलाइन दुसरी. त्यांचे पैसे तो उन्हाळ्यापर्यंत साठवतोय. झाड अजून ठरलेलं नाही. मार्चमध्ये बर्फ वितळलं की पालवी फुटायच्या आधी, नरांनी शिंगं घासलेली खोडं आणि पायवाटा उघड्या दिसतात तेव्हा, आम्ही दोघं तिथे चालायला जाणार आहोत.